जेम्सटाउनमध्ये माणसं उपाशी का मेली: अस्मानी की सुलतानी?

कणगी

१६०९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनच्या तटाच्या आत साधारण तीनशे माणसं होती. मे १६१० मध्ये बर्म्युडाहून दोन गलबतं तिथे लागली, तेव्हा त्यांतली साठेक उरली होती. इंग्रजांची अमेरिकेत टिकलेली पहिली वसाहत ती हीच. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी आधी घोडे खाल्ले, मग कुत्री-मांजरं, मग उंदीर आणि साप, मग बुटांचं चामडं. शेवटी माणसं.

हे का झालं याबद्दल वाचायला घेतलं की एक ठरलेली यादी समोर येते. पाऊस नव्हता, वादळात जहाज फुटलं, स्थानिकांनी वेढा घातला, पाणी वाईट होतं, लोक आळशी होते. यांतलं खोटं काहीच नाही. पण यादीवरून जबाबदारी कुणाची ते कळत नाही. माझ्या मते ही सुलतानी होती आणि तो सुलतान लंडनमध्ये बसला होता, ही माणसं पाठवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीच्या कचेरीत.

'वसाहत' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाव येतं, आणि तिथेच आपली चूक होते. मे १६०७ मध्ये उतरलेले १०४ जण गाव वसवायला आलेच नव्हते. सोनं शोधा, पश्चिमेच्या समुद्राकडे जाणारी वाट शोधा, विकता येईल असं काही गलबतात भरून पाठवा, हे त्यांचं काम. जवळपास निम्मे 'जंटलमन', म्हणजे जन्मात नांगर न धरलेले. पुढच्या वर्षी भर पडली ती सोनार, धातू गाळणारे, एक जवाहिऱ्या आणि एक अत्तरवाला यांची. निघताना कंपनीने दिलेल्या लेखी सूचना आजही वाचता येतात. त्यांत तीसेक माणसांनी जमीन तयार करून पेरावं असं आहे खरं, पण त्यासोबत हेही आहे की, काही माणसं स्थानिकांकडून मका आणि टिकाऊ शिधा मिळवण्याच्या कामाला लावा, आणि आपण इथे कायमचे राहायला आलोय हे त्यांना कळायच्या आत ते उरका. पहिल्या दिवसापासून पोट दुसऱ्याच्या कणगीवर, आणि तेही लपवाछपवी करून.

ही वखार होती. वखारीला शेत लागत नाही, कारण बाहेर बाजार असतो. १६०९ पासून व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार असलेला सर थॉमस स्माइथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. त्या कंपनीचं 'हेक्टर' जहाज १६०८ मध्ये सुरतेला पोचलं. सुरतेत पैसे मोजले की गहू-तांदूळ-तूप हवं तेवढं मिळायचं. जेम्स नदीच्या काठी तसा बाजारच नव्हता. तिथली गावं आपल्यापुरता मका, घेवडा, भोपळा पिकवायची, थोडं मागे ठेवायची, आणि हिवाळ्याच्या शेवटी तेही संपलं की मासे, कंद, शिकार यांवर नवं पीक येईतो दिवस काढायची. अशा मुलखात वखार टाकली तर पहिल्याच वाईट साली तिथली माणसं मरणार. पहिल्या आठ-नऊ महिन्यांतच १०४ मधले ३८ उरले होते. तरीही कंपनी माणसं पाठवत राहिली.

मृग

कणगी, यादीतली पहिली ओळ तुम्ही इतक्या घाईने ओलांडलीत की राहवलं नाही. मी नगर जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतो. पाऊस नाही म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

त्या भागातल्या दलदलीत बाल्ड सायप्रस नावाची झाडं आहेत, आठ-आठशे वर्षं जगतात. १९९८ मध्ये त्यांच्या खोडातल्या वर्तुळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चांगल्या पावसाच्या वर्षी वर्तुळ रुंद, कोरड्या वर्षी अगदी चिकटून. ७७० वर्षांच्या वर्तुळांत सर्वांत कोरडी सलग सात वर्षं कुठली निघाली? १६०६ ते १६१२. इंग्रज उतरले १६०७ मध्ये. त्याआधी ज्या रोअनोक बेटावरची इंग्रज वस्ती नाहीशी झाली, तिथेही १५८७ ते १५८९ ही तीन वर्षं अशीच भयंकर कोरडी होती.

सात वर्षं! आमच्याकडे १९७२ आठवलं की अजून म्हाताऱ्या माणसांचे डोळे भरून येतात, आणि तो लागोपाठच्या दोन-तीन नापिकींचा मामला होता. कोरडवाहू माणूस पहिलं वर्ष साठवणीवर काढतो. दुसऱ्या वर्षी दावणीची जनावरं विकतो. तिसऱ्या वर्षी बियाणं खातो. त्यापुढचं विचारू नका.

स्थानिकांचेही तेच हाल होते. वसाहतीतला एक पुढारी जॉन स्मिथ लिहितो की नदीपलीकडच्या एका टोळीचा प्रमुख इंग्रजांच्या अध्यक्षाकडे भेटी पाठवायचा आणि सांगायचा, तुमच्या देवाला पावसासाठी विनवा, आमचे देव देत नाहीत. हे वाचलं आणि मला लहानपणी डोक्यावर कडुनिंबाचा पाला बांधून 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत घरोघर फिरणारी पोरं आठवली. परक्याच्या देवाकडे पाऊस मागायची वेळ ज्याच्यावर आली, त्याच्या कणगीत इंग्रजांना विकायला काय असणार?

म्हणून सरळ विचारतो. ते १०४ जण पिढीजात शेतकरी असते तर त्या सात वर्षांत त्यांनी काय पिकवलं असतं?

सरळहिशेब

दोघांचंही वाचलं. मला कारण याहून साधं दिसतं. जेम्सटाउनमध्ये कुणाचंच काही नव्हतं. जमीन कंपनीची, अवजारं कंपनीची, पीक सामाईक कोठारात. राबणाऱ्याला जेवढं, तेवढंच झोपणाऱ्याला. मग राबेल कोण? स्मिथ अध्यक्ष असताना 'जो काम करणार नाही तो जेवणार नाही' असा नियम त्याने काढला आणि त्या हिवाळ्यात भुकेने फार माणसं गेली नाहीत. बंदुकीच्या दारूचा स्फोट होऊन तो जखमी झाला आणि ऑक्टोबर १६०९ मध्ये इंग्लंडला परतला. पाठोपाठ उपासमार आली.

पुढचं पाहा. १६११ च्या मे महिन्यात टॉमस डेल हा नवा अधिकारी आला तेव्हा पेरणीचे दिवस असून लोक रस्त्यात चेंडू घरंगळवत खेळत होते. १६१४ च्या सुमारास त्यानेच माणशी तीन-तीन एकर स्वतःसाठी कसायला दिले. तिथे राहिलेल्या राल्फ हेमरने नोंदवलंय की आधी प्रामाणिक माणूसही आठवड्यात जेवढं काम करत नव्हता तेवढं आता दिवसात करू लागला. पुढची काही वर्षं तशी उपासमार झाली नाही. शेताच्या बांधावर उभा राहिलेल्या कुणालाही हे पटेल. मृग, तुम्हालाही.

मृग

माझ्या बांधावरून मला आणखी एक गोष्ट दिसते. १६१२ ला ती सात वर्षं संपली. १६१४ ला तीन एकर मिळाले. पाऊस परत आल्यावर कुणाच्याही हाताला यश येतं.

कणगी

सरळहिशेब, मृग यांच्या मुद्द्यात आणखी एक भर घाला. १६१४ च्या एप्रिलमध्ये स्थानिकांचा सर्वोच्च प्रमुख पाउहाटन याच्या मुलीचं, पोकाहॉन्टसचं, जॉन रॉल्फ या इंग्रजाशी लग्न झालं आणि पाउहाटनशी चाललेली लढाई थांबली. माणसं तटाबाहेर निर्धास्त जाऊ लागली. पाऊस, शांतता आणि तीन एकर हे सगळं दोन वर्षांच्या आत एकदम आलं. त्यांतल्या तीन एकरांनाच श्रेय का?

'चेंडू खेळत होते' हे मी कितीदा वाचलंय. अर्धपोटी माणूस काम करत नाही तो आळसाने नव्हे. हिवताप, हगवण, सुजलेले पाय अशा अवस्थेतल्या माणसाला दोन महिन्यांचा समुद्रप्रवास करून आलेला ताजातवाना अधिकारी आळशी म्हणतो, आणि चारशे वर्षं आपण त्याचं ऐकतो.

तुमच्या मतावर मला सर्वांत मोठी शंका बर्म्युडामुळे येते. जून १६०९ मध्ये प्लिमथहून नऊ जहाजांचा काफिला निघाला. वादळात 'सी व्हेंचर' हे मुख्य जहाज भरकटून बर्म्युडाच्या खडकांवर चढलं. त्यावर दीडशेच्या आसपास माणसं होती, सगळी काठाला लागली, आणि दहा महिने तिथे राहिली. कंपनी तीच, सामाईक शिधा तोच, तीन एकर कुणाच्याच नावावर नाहीत. पण बेटावर पूर्वीच्या जहाजांतून सुटलेली रानडुकरं होती, कासवं होती, हाताने पकडता येतील असे समुद्रपक्षी होते, आणि भांडायला शेजारी कुणी नव्हतं. या लोकांनी तिथलं लाकूड आणि फुटलेल्या जहाजाचं सामान वापरून दोन गलबतं बांधली आणि मे १६१० मध्ये धडधाकट अवस्थेत जेम्सटाउनला पोचले. त्यांना तिथे ते साठ सापळे दिसले.

मृग, आता तुमचं उत्तर. शेतकरी असते तर काय पिकवलं असतं? थोडंच. पण शून्य नाही. १६०९ च्या वसंतात स्मिथने तीस-चाळीस एकर खणून मका लावला. शिकवलं कुणी, तर केम्प्स आणि तसोर या दोन बेड्या घातलेल्या स्थानिक कैद्यांनी. म्हणजे वस्ती बसल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात पहिली नीट पेरणी, आणि तीही कैद्यांकडून शिकून. आधीच्या दोन वर्षांत कंपनीच्या जहाजातून परत काय गेलं? सोनं समजून भरलेली चकाकती माती.

पैलतीर

मी व्हर्जिनियात राहते, जेम्सटाउन घरापासून दोन तासांवर. तीनदा जाऊन आले. तुमच्या वादात एक गोष्ट अजून कुणी नीट घेतलेली नाही: पाणी.

मागच्या ऑगस्टमध्ये नदीच्या काठाशी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. मचूळ. समुद्राच्या पाण्यासारखं खारट नाही, पण एक घोट पुरे वाटावा असं. माझं माहेर रेवदंड्याजवळ, त्यामुळे ती चव लगेच ओळखीची वाटली. जेम्स नदी तिथे खरं तर खाडीच आहे. भरतीला खारं पाणी आत येतं, ओहोटीला मागे सरतं. ज्या वर्षी वरून गोडं पाणी कमी येतं त्या वर्षी खाऱ्या-गोड्याची हद्द नेमकी त्या बेटापाशी येऊन थांबते, आणि वस्तीची घाण वाहून न जाता तिथल्या तिथे घोळत राहते. त्या पहिल्या १०४ मधल्या जॉर्ज पर्सीने पहिल्याच उन्हाळ्यात लिहून ठेवलंय: आम्ही नदीचं पाणी पितो, भरतीला ते खारट आणि ओहोटीला चिखल-घाणीने भरलेलं. विहीर खणायला त्यांना दीड वर्ष लागलं. १६०७ ला मेलेले बहुतेक या पाण्याने मेले, हगवण आणि विषमज्वराने. म्हणून कणगी, ते ३८ चे आकडे तुम्ही उपासमारीच्या खात्यात घालू नका.

आता खाण्याबद्दल. त्या दलदलीत टकाहो नावाची वनस्पती माजलेली असते. पानं पाहिलीत तर तुम्ही म्हणाल, हा अळूच. खरंच त्याच कुळातली आहे. चिखलात हातभर खाली जाड कंद. स्थानिक बायका वसंतातले उपाशी महिने त्याच्यावर काढायच्या. पण अळू कच्चा खाल्ला तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. स्मिथने तंतोतंत तेच लिहिलंय: कच्चा कंद विषासारखा, घशाला टोचतो. तिथल्या बायका तो पानं आणि नेच्यांखाली पुरून, वर माती घालून, त्यावर आख्खा दिवस विस्तव ठेवायच्या, मगच त्याची खाज जायची. आई अळूच्या फदफद्यात चिंच का घालते हे जसं कुणी मला शिकवलं नाही, पाहून आलं, तसं ते तिथे पिढ्यान्पिढ्या बायकांच्या हातात होतं. स्मिथच्या लिखाणात ती रीत लिहिलेली आहे. पण वेढ्याच्या हिवाळ्यात चिखलात उतरून कंद उपसायला तटाबाहेर जाणार कोण?

माझं मत: अन्न अगदी नव्हतंच असं नाही. अन्नापर्यंत पोचायचे रस्ते एकेक करून बंद झाले. ते बंद कुणी केले यावर बोलायला हवं.

गावठाण

पैलतीरताई, कुणी केले ते मी सांगतो. पाउहाटनने केले, आणि विचार करून केले. या धाग्यात आतापर्यंत स्थानिक लोक एकतर कणगी म्हणून आलेत, नाहीतर पावसासाठी हात जोडणारे म्हणून. ते राज्य होतं. सेनाकोमाका त्याचं नाव, तीसेक टोळ्या, अंदाजे चौदा-पंधरा हजार माणसं, आणि वाहुनसेनाकाव हा त्यांचा सर्वोच्च प्रमुख. इंग्रज त्यालाच पाउहाटन म्हणायचे. १६०७ च्या शरदात इंग्रज आजारी पडून मरत होते तेव्हा त्याच्या लोकांनी मका आणून दिला. तेव्हाच हात आखडला असता तर हा धागा काढायला जेम्सटाउन उरलंच नसतं.

मग बदललं काय? तांबं स्वस्त झालं. इंग्रजांकडे देवाणघेवाणीला मुख्य वस्तू तांबं होती, आणि खलाशी खासगीत इतकं वाटत सुटले की स्मिथच्याच शब्दांत आधी एका औंसाला मिळणारा माल पुढे पौंडभर तांब्याला मिळेना. विकत मिळेना तेव्हा इंग्रज बंदुका रोखून घ्यायला लागले. जानेवारी १६०९ मध्ये पाउहाटन स्मिथला म्हणाला की प्रेमाने मिळतं ते जोराने का घेता, तुम्हाला जेवू घालणाऱ्यांनाच का संपवता? आम्ही घरं सोडून रानात पळालो तर तुम्ही उपाशी मराल. शब्द स्मिथने लिहून ठेवलेले आहेत, पण तो स्वतःविरुद्धची साक्ष का रचेल? जे बोललं गेलं तेच पुढच्या हिवाळ्यात घडलं. तो आपली राजधानी नदीपासून आत, दूर घेऊन गेला.

ऑगस्टमध्ये काफिल्यातली बाकीची जहाजं पोचली. आणखी शेकडो तोंडं, भिजून नासलेला शिधा, सोबत आजार. एवढ्यांना एका जागी पोसता येईना म्हणून तुकड्या करून वरच्या धबधब्याकडे आणि नॅन्समंड टोळीच्या मुलखाकडे पाठवल्या. नॅन्समंडला पर्सी आणि मार्टिन यांच्या माणसांनी घरं जाळली, देवळं लुटली, मेलेल्या राजांच्या अंगावरचे दागिने काढले. हे पर्सी स्वतः सांगतो. पुढे तिथे सिकलमोर नावाचा लेफ्टनंट आणि त्याचे लोक मेलेले सापडले, तोंडात भाकरीचे बोळे कोंबलेले. मका मागायला आलेल्यांना यापेक्षा स्पष्ट उत्तर देता येत नाही. मग जॉन रॅटक्लिफ माणसं घेऊन पाउहाटनकडे धान्य आणायला गेला, बहुतेक सगळे मारले गेले. त्यानंतर तटाबाहेर दिसेल त्याच्यावर बाण. नदीपलीकडच्या बेटावर शेकडो डुकरं सोडलेली होती, तीही मारून टाकली.

मृग, दुष्काळाने स्थानिकांची कणगी आटली हे कबूल. पण ते मेले नाहीत. त्याच पावसात, त्याच मातीत ते जगले. मेले ते फक्त तटाच्या आतले. अस्मानी असती तर दोन्हीकडे सारखी पडली असती. आणि कणगी, ही लंडनची सुलतानीही पुरती नाही. वेढा होता तो. उपास हे त्या युद्धातलं हत्यार होतं, आणि ज्यांच्या जमिनीवर कुणी परका येऊन बसला होता त्यांनी ते वापरलं.

तळटीप

सगळे ज्यांचे दाखले देतायत ते साक्षीदार कोण, हेही पाहायला हवं. स्मिथ ऑक्टोबर १६०९ ला निघून गेला, त्याने तो हिवाळा पाहिलाच नाही. १६२४ मध्ये त्याचा मोठा इतिहास छापून आला, त्यात पाचशेचे साठ झाले आणि कारण एकच, तो तिथे नव्हता. कणगी, तुम्ही वर तीनशे म्हणालात ते तटाच्या आतले. पाचशे हा पसरलेल्या सगळ्यांचा आकडा. पर्सी त्या हिवाळ्यात अध्यक्ष होता. स्मिथचं पुस्तक आल्यावर स्वतःवरचा डाग पुसायला तो लिहायला बसला. कंपनीला भांडवल हवं होतं, म्हणून १६१० मध्येच तिने एक पत्रक छापलं. बायकोला मारून मिठात घालून खाणाऱ्या माणसाची गोष्ट तोवर लंडनभर झाली होती. पत्रक म्हणतं, त्याने बायकोला द्वेषाने मारलं, त्याच्या घराच्या झडतीत पीठ, ओट, घेवडा, वाटाणे सापडले, म्हणजे भूक नव्हतीच.

कुणावर विश्वास ठेवायचा? २०१२ मध्ये किल्ल्याच्या आतल्या एका तळघरात, घोडे-कुत्र्यांच्या हाडांच्या कचऱ्यात, १४ वर्षांच्या मुलीची कवटी आणि नडगीचं हाड मिळालं. कपाळावर चार उथळ घाव, एकमेकांजवळ. मागच्या बाजूला जोराचे घाव, ज्यांनी कवटी फुटली. कपाळावरचे चार म्हणजे हात कचरलेल्या माणसाचे, असं तपासणाऱ्यांनी सांगितलं. मुलीचं नाव कुणाला माहीत नाही, संशोधक तिला 'जेन' म्हणतात. पत्रक खोटं ठरलं.

कणगींच्या वखारीलाही एक दुरुस्ती सुचवतो. १६०९ च्या काफिल्यात बायका होत्या, मुलं होती, पाळीव जनावरं होती. जेन बहुधा त्यातलीच. तोवर कंपनीला चूक कळली होती आणि ती गाव वसवायलाच निघाली होती. वादळाने नेमकं ते जहाज नेलं ज्यावर नवा गव्हर्नर गेट्स आणि नव्या कारभाराचे कागद होते. त्यात कंपनीचा काय दोष?

पैलतीर

जेनचा चेहरा तिथल्या संग्रहालयात घडवून ठेवलाय, डोक्यावर पांढरी टोपी. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. ती काचेसमोरून हलेना, मग मीच तिला बाहेर घेऊन आले. बाहेर ते तळघर मोजून पंधरा-वीस पावलांवर वाटलं.

सरळहिशेब

बर्म्युडाचा मुद्दा मान्य करतो. तिथे सामाईक शिध्यावर दीडशे माणसं जगली हे मला खोडता येत नाही. तीन एकरांनी १६१४ नंतर फरक पडला हे मी अजूनही म्हणेन, पण १६०९ चं मरण त्याने समजत नाही. गावठाण यांना मात्र विचारतो, वेढा एवढा घट्ट होता तर नदीचं काय? नदी तर इंग्रजांच्या हातात होती. जहाजं त्यांच्याकडे होती. मग मासे?

कणगी

नदीचा प्रश्न विचारलात हे फार बरं झालं, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच येऊन थांबतं.

आधी तळटीप यांची दुरुस्ती मान्य. १६०९ चा बेत गावाचा होता. वादळ लंडनच्या हातात नव्हतं. पण शेकडो तोंडं ऑगस्टमध्ये उतरवली, म्हणजे पेरणी टळून गेल्यावर. त्या साली त्यांना जे मिळणार ते दुसऱ्याच्या शेतातून किंवा जहाजातून. गाव वसवायला निघाले तेही वखारीच्याच सवयीने. पाण्याबद्दल पैलतीरताईंचं पूर्ण मान्य, ३८ चा आकडा मी चुकीच्या ठिकाणी वापरला.

आता नदी. हिवाळ्यात खाडीतले बरेच मासे खोल पाण्याकडे जातात, मोठे स्टर्जन वसंतात वर येतात. जाळी होती, ती कुजली. मोठी होडी होती, ती फ्रान्सिस वेस्ट घेऊन गेला. छत्तीस माणसांसह तो वर पॅटावोमेक लोकांकडे मक्यासाठी गेला आणि होडी भरून मका मिळवलाही, दोघांची डोकी उडवून. परत येताना नदीच्या तोंडाशी पॉइंट कम्फर्टला त्याला निरोप मिळाला की जेम्सटाउनला फार हाल आहेत, घाई करा. त्याने शीड फिरवलं आणि मक्यासकट सरळ इंग्लंडला गेला.

त्याच पॉइंट कम्फर्टला इंग्रजांची दुसरी गढी होती, जेम्सटाउनपासून पाण्याने पन्नास-साठ किलोमीटरवर. तिथे कॅप्टन डेव्हिस आणि त्याची माणसं. अख्खा हिवाळा गेला आणि वसंतात पर्सी तिथे पोचला, तर त्याला काय दिसलं? सगळे टुणटुणीत. खेकडे इतके की ते डुकरांना घालत होते. पर्सी म्हणतो, यांनी आमच्यापासून हे लपवलं, आणि आपल्यातल्या बऱ्या माणसांना घेऊन दोन लहान जहाजांतून इंग्लंडला निघून जायचा यांचा बेत होता.

मृग, त्या खेकड्यांवर पाऊस पडला नाही म्हणून काही फरक पडला नाही. गावठाण, तिथे वेढाही पोचला नाही. जेम्सटाउनला दिवसाला माणशी अर्धा डबा पीठ ठरलं होतं, तीन महिने पुरेल असा हिशेब. टकर नावाच्या कोठीवाल्याने काटकसर करून ते चार महिने पुरवलं. आणि एका भरती-ओहोटीच्या वाटेवर त्यांचीच माणसं डुकरांना खेकडे घालत होती. एकमेकांची जबाबदारी असलेलं गाव तिथे कधी उभंच राहिलं नव्हतं. प्रत्येक कॅप्टन आपल्या माणसांपुरता, आपल्या भागापुरता. मी सुलतानी म्हणतो ती ही.

गावठाण

डेव्हिसचं मला माहीत नव्हतं. मान्य. तरी वेढा नसता तर त्या तीनशेंनी स्वतःच खेकडे धरले असते, एवढं माझं म्हणणं मागे घेत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. ७ जून १६१० ला गेट्सने जेम्सटाउन सोडायचं ठरवलं. लोक गढी जाळायला निघाले होते, ते होऊ नये म्हणून तो शेवटपर्यंत काठावर थांबला. नदीतच त्यांना इंग्लंडहून मदत घेऊन येणाऱ्या लॉर्ड डी ला वॉरच्या जहाजांची बातमी मिळाली आणि सगळे परत फिरले. दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, याच पर्सीला माणसं देऊन शेजारच्या पॅस्पाहेग गावावर पाठवलं. त्यांनी घरं जाळली, राणीला आणि मुलांना होडीत घेतलं, मुलांना पाण्यात टाकून गोळ्या घातल्या, नंतर राणीलाही मारलं. आणि गावाभोवतीचा उभा मका कापून टाकला. पर्सीने हे सगळं स्वतःच्या हाताने लिहिलंय.

मृग

ऑगस्ट १६१० म्हणजे त्या सात वर्षांतलंच एक वर्ष. तशा सालात शेतात जे उभं राहतं ते चार पेरून एक आलेलं असतं, आणि ऑगस्टात कणसात दाणा भरत असतो. दुधावर आलेला मका. हाताने सोलून बघावं लागतं, किती भरलाय ते.

पर्सी गेल्याच हिवाळ्यात अर्धा डबा पीठ मोजत होता ना?